टोकियोत इंग्रजी रेडिओ कसा ऐकावा: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

नोकरीच्या निमित्ताने टोकियोत येणारी अनेक भारतीय कुटुंबे एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाई परिसरात पहिले घर घेतात. तिथे भारतीय किराणा मिळतो, शेजारी मराठी ऐकू येते, आणि २०१९ साली तर मराठी भाषक योगेंद्र पुराणिक याच प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले. तरीही घराचे दार लावून घेतले की भोवतालची भाषा अनोळखी उरते. जपानी येईपर्यंतच्या काळात बातमी, हवामान आणि साधी माणसाची बोली कानावर पडण्यासाठी इंग्रजी रेडिओ हा फार मोठा आधार आहे. मात्र दिवसभर इंग्रजीत बोलणारे असे एकच जपानी केंद्र लावून निश्चिंत होता येईल, अशी इथली परिस्थिती नाही. मध्यम लहरींवरचे (एएम) एक केंद्र, एफएमवरची दोन-तीन केंद्रे, एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची जागतिक सेवा आणि इंटरनेटवरून येणारी परदेशी केंद्रे यांची जुळणी आपली आपणच करावी लागते. ती कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: संच इथेच विकत घ्या

भारतातून रेडिओ आणण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. भारतात एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे, तर जपानमध्ये तो ७६ पासून सुरू होतो आणि ९५ ला संपतो. त्यामुळे आपल्याकडचा संच इथे लावला, तर पट्ट्याचा वरचा मोठा भाग रिकामा खरखरतो आणि खालची बहुतेक केंद्रे त्याला दिसतही नाहीत. जे-वेव्ह ८१.३ वर, एनएचके एफएम ८२.५ वर आणि एदोगावाचे स्थानिक केंद्र ८४.३ वर आहे. ही तिन्ही केंद्रे अशा संचावर लागत नाहीत.

जपानचा पट्टा असा वेगळा असण्याचे कारण जुन्या दूरचित्रवाणीत आहे. ९० ते १०८ मेगाहर्ट्झ ही जागा ॲनालॉग दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिलेली होती. जुलै २०११ मध्ये देशाच्या बहुतेक भागांत ते प्रक्षेपण बंद झाले आणि मोकळ्या झालेल्या जागेपैकी ९० ते ९५ हा तुकडा रेडिओला मिळाला. मध्यम लहरींवरची खासगी केंद्रे आपला तोच कार्यक्रम तिथे एफएमवरही देऊ लागली. टोकियोत टीबीएस ९०.५ वर, बुंका होसो ९१.६ वर आणि निप्पॉन होसो ९३ वर डिसेंबर २०१५ पासून ऐकू येतात. या वाढीव पट्ट्याला ‘वाइड एफएम’ म्हणतात. दुकानात ‘वाइदो एफएम’ असे उच्चारले की विक्रेत्याला लगेच समजते. जुना, वापरलेला संच स्वस्तात मिळत असेल, तर त्याचा पट्टा ९० वरच संपत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

योदोबाशी कॅमेरा किंवा बिक कॅमेरा यांसारख्या मोठ्या दुकानांत रेडिओचा स्वतंत्र कप्पा असतो. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात. संचावर मध्यम लहरी आणि वाइड एफएम दोन्ही असावेत. तो सुट्या सेलवर चालणारा असावा. आपण ज्यांना पेन्सिल सेल म्हणतो, त्यांना इथे ‘तान-सान’ आणि त्याहून बारीक सेलना ‘तान-योन’ म्हणतात, आणि ते कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तिसरी गोष्ट म्हणजे हाताने दांडा फिरवून चार्ज करण्याची सोय. असा संच हवा असेल तर ‘बोसाई राजिओ’, म्हणजे आपत्तीच्या वेळचा रेडिओ, असे विचारावे. त्यात बहुधा विजेरी आणि मोबाइलला थोडीफार वीज देण्याची सोयही असते. अशा संचांचा आवाज रोज गाणी ऐकण्याच्या दृष्टीने सामान्यच असतो, म्हणून शक्य असल्यास रोजच्यासाठी एक साधा चांगला संच आणि आपत्तीसाठी दुसरा, असे दोन ठेवावेत. पण एकच घ्यायचा असेल, तर दांड्याचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेबद्दल एक सूचना. इथे घरगुती वीज १०० व्होल्टची आहे आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. भारतातला २३० व्होल्टचा थेट भिंतीत लावायचा संच अडॅप्टर बसवूनही नीट चालणार नाही.

आणखी एक शंका नव्या माणसाच्या मनात येते, ती एनएचकेच्या शुल्काची. घरी दूरचित्रवाणी घेता येईल असे उपकरण असेल, तर एनएचकेशी करार करावा लागतो आणि त्यासाठी माणसे दारापर्यंतही येतात. केवळ रेडिओसाठी मात्र शुल्क नाही. ते १९६८ मध्येच रद्द झाले. फक्त रेडिओ असलेल्या घराने निर्धास्त राहावे.

दुसरी पायरी: मध्यम लहरींवर ८१०

टोकियो आणि आसपासच्या प्रदेशात जवळपास चोवीस तास इंग्रजीत ऐकू येणारे केंद्र एकच आहे: एएफएन टोकियो, ८१० किलोहर्ट्झ. हे अमेरिकन सैन्याचे केंद्र असून त्याचा कारभार योकोता हवाई तळावरून चालतो. प्रक्षेपक साइतामा प्रांतातल्या वाको इथे आहे आणि त्याची शक्ती ५० किलोवॉट आहे. १९९७ पर्यंत त्याचे नाव फार ईस्ट नेटवर्क असे होते, म्हणून वयस्कर जपानी श्रोते आजही त्याला ‘एफईएन’ म्हणतात. युद्धोत्तर काळात जपानी तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी पाश्चात्त्य संगीत आणि इंग्रजी बोली या केंद्रावरून कानात साठवली.

काय ऐकू येईल, हे आधीच माहीत असलेले बरे. हे केंद्र आपल्यासाठी नाही, ते सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. त्यामुळे अमेरिकन बातम्या, संगीत, चर्चा आणि त्यांच्या खेळांचे समालोचन असते. व्यापारी जाहिराती नसतात. त्यांच्या जागी तळावरच्या सूचना आणि सैनिकांना उद्देशून केलेली निवेदने येतात. आपल्या प्रभागात पाणी कधी येणार किंवा कोणती शाळा निवारा म्हणून उघडली आहे, हे तिथे कळणार नाही. तरीही घरात काम करताना इंग्रजी बोलणारा एक जिवंत आवाज सोबतीला हवा असेल, तर सर्वांत सोपा मार्ग हाच आहे. जपानमध्ये मध्यम लहरींची केंद्रे भारताप्रमाणेच ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली आहेत, म्हणून भारतातून आणलेल्या सेलवरच्या संचावरही ८१० लागते.

टोकियोबाहेर राहणाऱ्यांसाठी सांगायचे, तर मिसावा, इवाकुनी आणि सासेबो या तळांजवळ एएफएन १५७५ किलोहर्ट्झवर आहे आणि ओकिनावात ६४८ किलोहर्ट्झवर तसेच एफएम ८९.१ वर आहे. नागोया किंवा ओसाका यांच्या परिसरात अशी सोय नाही.

इथल्या काँक्रीटच्या इमारतींत मध्यम लहरी नीट शिरत नाहीत, ही नव्या माणसाची सर्वांत मोठी अडचण असते. ८१० लावले आणि खरखरच आली, म्हणून संच खराब आहे असे समजू नये. आधी संच खिडकीपाशी न्यावा. मग तो सपाट ठेवून हळूहळू गोल फिरवावा. मध्यम लहरींचा अँटेना म्हणजे संचाच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी असते. तिचे टोक केंद्राकडे वळले की आवाज पडतो आणि तिची लांब बाजू केंद्राकडे आली की आवाज भरून येतो. बाहेर काढायची धातूची दांडी फक्त एफएमच्या कामाची असते, मध्यम लहरींसाठी ती कितीही ताणली तरी फरक पडत नाही. निशी-कासाईहून वाको वायव्येच्या बाजूला येते, तेव्हा संचाची रुंद बाजू त्या दिशेला करून पाहावे. त्याबरोबरच एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इंडक्शन शेगडी एकेक करून बंद करून पाहावी. यांतले एखादे उपकरण संपूर्ण पट्टा घुरघुरत ठेवते, आणि ते सापडले की केंद्र एकदम स्वच्छ होते.

रात्री मात्र चित्र बदलते. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या भागातला लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे परावर्तित होऊन येऊ लागतात. कोरियन आणि चिनी भाषेतले आवाज मध्येच मिसळतात. हा संचाचा दोष नाही.

तिसरी पायरी: एफएमवरची द्विभाषक केंद्रे

जपानमध्ये परदेशी भाषांत बोलणाऱ्या रेडिओकेंद्रांचा इतिहास भूकंपाशी घट्ट जोडलेला आहे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरले आणि ६,४०० हून अधिक माणसे गेली. शहरात राहणाऱ्या हजारो परदेशी रहिवाशांपर्यंत पाणी, औषधे आणि निवारे यांची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचवणे किती कठीण आहे, हे तेव्हा ध्यानात आले. त्याच वर्षी ओसाकात एफएम कोकोलो सुरू झाले, १ एप्रिल १९९६ रोजी टोकियोत इंटरएफएम, १९९७ मध्ये फुकुओकात लव्ह एफएम आणि २००० मध्ये नागोयात रेडिओ-आय. कोबेच्या नागाता भागात स्वयंसेवकांनी उभे केलेले एफएम वाय-वाय हे छोटे केंद्र अनेक भाषांत बोलत असे. २०१६ मध्ये ते हवेतून उतरून इंटरनेटवर गेले. नागोयाचे रेडिओ-आय तर २०१० मध्येच बंद पडले. या केंद्रांचा जन्म ज्या गरजेतून झाला ती गरज आजही संपलेली नाही, आणि म्हणूनच ही केंद्रे आकसत जाताना पाहून वाईट वाटते.

टोकियोत आज इंटरएफएम ८९.७ वर ऐकू येते. २०१५ पूर्वी ते ७६.१ वर होते, म्हणून एखाद्या जुन्या मार्गदर्शिकेत तो आकडा दिसला तर गोंधळू नये. योकोहामाकडे ते ७६.५ वर मिळते. इथे पाश्चात्त्य संगीत भरपूर असते, पण निवेदनाचा मोठा भाग आता जपानीत असतो. जे-वेव्ह ८१.३ हे १९८८ पासूनचे केंद्र. तिथले अनेक निवेदक दोन्ही भाषांत सहज ये-जा करतात. निखळ इंग्रजी हवी असेल तर या दोन्हींवर समाधान होणार नाही. जपानी शिकणाऱ्यांना मात्र मी जे-वेव्ह आवर्जून सुचवेन, कारण ओळखीच्या इंग्रजी वाक्याच्या शेजारीच जपानी वाक्य ऐकू येते आणि कान हळूहळू तयार होतो.

चौथी पायरी: एनएचके आणि रादिको

एनएचकेची जागतिक सेवा इंग्रजीसह अनेक भाषांत बातम्या देते. त्यांत हिंदी, बंगाली आणि उर्दू आहेत, मराठी नाही. ती इंटरनेटवर आणि ‘एनएचके वर्ल्ड-जपान’ या ॲपवर विनामूल्य ऐकता येते. हे ॲप टोकियोत उतरल्याच्या पहिल्याच दिवशी मोबाइलवर घ्यावे आणि त्यातल्या सूचना सुरू ठेवाव्यात, कारण भूकंप आणि त्सुनामीचे इशारे ते इंग्रजीत पाठवते. घरी दूरचित्रवाणी असेल, तर एनएचकेच्या संध्याकाळी ७ आणि रात्री ९ च्या बातम्यांना इंग्रजी ध्वनी असतो. रिमोटवरचे आवाज बदलण्याचे बटण दाबले की तो लागतो.

जुन्या लेखांत एनएचकेच्या दुसऱ्या मध्यम लहरी केंद्रावरच्या, म्हणजे टोकियोतल्या ६९३ किलोहर्ट्झवरच्या, परकीय भाषांतल्या बातम्यांचा उल्लेख हमखास सापडतो. ते केंद्र मार्च २०२६ अखेर बंद करून एकच मध्यम लहरी सेवा ठेवण्याचा निर्णय एनएचकेने घेतला, तेव्हा त्या माहितीवर विसंबू नये. खासगी क्षेत्रातही असाच बदल चालू आहे. देशातल्या ४७ खासगी मध्यम लहरी केंद्रांपैकी ४४ केंद्रांनी २०२८ च्या शरद ऋतूपर्यंत एफएमकडे वळण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले. वर वाइड एफएमचा आग्रह धरला, त्यामागे हेही कारण आहे.

रादिको हे खासगी केंद्रांचे एकत्रित ॲप २०१० पासून चालते. आपण ज्या प्रदेशात आहोत तिथली केंद्रे विनामूल्य मिळतात, दुसऱ्या प्रदेशातली हवी असतील तर मासिक वर्गणी भरावी लागते. टोकियोत राहून फुकुओकाचे लव्ह एफएम ऐकायचे असेल, तर ही वर्गणी उपयोगी पडते. होऊन गेलेला कार्यक्रम पुढचे सात दिवस ऐकता येतो. ॲप जपानीत आहे, पण केंद्रांची चिन्हे पाहून काम भागते. सुट्टीत भारतात गेल्यावर मात्र ते चालत नाही. जपानबाहेर त्याला परवानगी नाही.

पाचवी पायरी: इंटरनेटवर जगाची केंद्रे आणि घड्याळाचा हिशेब

इंटरनेटवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, अमेरिकेच्या एनपीआरची स्थानिक केंद्रे, ऑस्ट्रेलियाचे एबीसी आणि न्यूझीलंडचे आरएनझेड सहज मिळतात. ‘रेडिओ गार्डन’ या संकेतस्थळावर पृथ्वीचा गोल फिरवून कोणत्याही शहरावर थांबता येते. इतक्या निवडीसमोर माणूस भांबावतो आणि शेवटी काहीच नियमाने ऐकत नाही. म्हणून आपल्या दिवसाच्या ज्या वेळा मोकळ्या आहेत, त्या वेळी कोणत्या देशात मुख्य बातम्यांचा कार्यक्रम चालू असतो, एवढे पाहून दोन किंवा तीन केंद्रे पक्की करावीत.

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे आणि इथे उन्हाळी वेळ नसते, त्यामुळे आपले घड्याळ वर्षभर स्थिर राहते आणि दुसऱ्यांचे हलते. एनपीआरचा संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ४ वाजता सुरू होतो, तेव्हा टोकियोत दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे ५ वाजलेले असतात, आणि त्यांच्या हिवाळ्यात ६. सकाळी डबा करताना ऐकायला याहून सोयीचे काही नाही. लंडनमधला बीबीसी रेडिओ ४ चा सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम आठवड्याच्या दिवसांत तिथल्या ६ ते ९ या वेळेत असतो. तो इथे उन्हाळ्यात दुपारी २ ते ५ आणि हिवाळ्यात ३ ते ६ असा येतो, म्हणजे कचेरीत असणाऱ्याला तो थेट ऐकणे अवघड, पण घरी असणाऱ्याला उत्तम. सिडनी टोकियोच्या फक्त एक तास पुढे आहे, त्यांच्या उन्हाळ्यात दोन तास, त्यामुळे तिथला सकाळचा कार्यक्रम इथल्या सकाळीच ऐकता येतो.

प्रसार भारतीच्या ॲपवर आकाशवाणीची पुणे, मुंबई आणि इतर मराठी केंद्रेही मिळतात. विषय इंग्रजी रेडिओचा आहे हे खरे, पण घरात वडीलधारी मंडळी मुक्कामाला आली असतील, तर त्यांच्यासाठी हे ॲप आधी लावून द्यावे.

लघुलहरींचा संच मुद्दाम घ्यावा का, असे काही जण विचारतात. छंद असेल तर जरूर घ्यावा. केवळ इंग्रजी बातम्यांसाठी मात्र त्याची गरज उरलेली नाही. रेडिओ ऑस्ट्रेलियाने तर आपले लघुलहरी प्रक्षेपण जानेवारी २०१७ मध्येच थांबवले.

सहावी पायरी: इंटरनेट नसेल त्या दिवसाची तयारी

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मोबाइल कंपन्यांना फोनवरच्या संभाषणांवर मोठे निर्बंध घालावे लागले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भूकंपानंतर संपूर्ण होक्काइदो बेटाची वीज गेली आणि सुमारे २९.५ लाख घरे अंधारात गेली. अशा वेळी मोबाइलमधली सगळी केंद्रे एकाच वेळी नाहीशी होतात आणि सेलवरचा रेडिओ तेवढा चालू राहतो. शिवाय इंटरनेटवरचा आवाज थेट प्रक्षेपणाच्या मागे असतो. भूकंपाचा पूर्वइशारा काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे रादिकोवरून तो ऐकण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून संचावर चार जागा कायमच्या साठवून ठेवाव्यात: एनएचकेचे मुख्य मध्यम लहरी केंद्र ५९४ किलोहर्ट्झ, एएफएन ८१०, इंटरएफएम ८९.७ आणि आपल्या प्रभागाचे सामुदायिक एफएम. एदोगावात ते एफएम एदोगावा, ८४.३. कोणता निवारा उघडला आणि कोणती नदी धोक्याच्या पातळीवर आहे, हे प्रभागाचे केंद्रच सांगते. एदोगावाचा बराचसा भाग समुद्रसपाटीखाली आहे. प्रभागाने २०१९ मध्ये वाटलेल्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘इथे थांबू नका’ अशा अर्थाचे वाक्य छापले होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोठे वादळ आले.

त्या केंद्रांवरचे बोलणे बहुतेक जपानीतच असेल. म्हणून थोडे शब्द कानाला पाठ करून ठेवावेत: जिशिन म्हणजे भूकंप, योशिन म्हणजे नंतरचे धक्के, शिंदो म्हणजे धक्क्याची तीव्रता, हिनान म्हणजे सुरक्षित जागी जाणे, हिनानजो म्हणजे निवारा, तेइदेन म्हणजे वीज जाणे. त्यांच्यासोबत आपल्या प्रभागाचे, वस्तीचे आणि जवळच्या नदीचे जपानी नाव ऐकताक्षणी ओळखता आले पाहिजे. मोठ्या त्सुनामीच्या वेळी एनएचके इंग्रजीतही सूचना देते, पण तिची वाट पाहत बसू नये. समुद्रकाठी असताना ‘त्सुनामी’ हा शब्द ऐकला की आधी उंच जागी जावे.

दांड्याचा संच दाराजवळच्या पिशवीत ठेवावा, कपाटाच्या वरच्या फळीवर नव्हे. सेल संचात घालून वर्षभर तसेच राहिले तर गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात, म्हणून ते वेष्टनासह संचाशेजारी बांधून ठेवावेत. दर वर्षी १ सप्टेंबरला, १९२३ च्या महाभूकंपाच्या स्मृतिदिनी, जपानमध्ये आपत्तीनिवारण दिन पाळला जातो आणि शाळा-कचेऱ्यांत सराव होतात. त्या दिवशी दांडा दोन-तीन मिनिटे फिरवून संच सुरू करावा, चारही केंद्रे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, स्वतःच्या हाताने लावायला सांगावीत, आणि सेलच्या वेष्टनावरची मुदत तपासून जुने झालेले सेल रोजच्या संचात वापरून टाकावेत.